परीक्षा मालाची की पद्धतीची?

काही महिन्यांपूर्वी आम्ही एका जिल्हा परिषद शाळेत विज्ञानाचे साधे प्रयोग दाखवायला गेलो होतो. फाटकाशेजारच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवलेले होते, 'आयएसओ ९००१:२०१५ मानांकित शाळा'. मधल्या सुट्टीत सहावीतल्या एका मुलीने त्या अक्षरांकडे बोट दाखवून विचारले, "सर, आमची शाळा कशात पास झालीय?" शेजारी उभे असलेले शिक्षक हसले, आम्हीही हसलो, पण उत्तर काही कोणाला चटकन देता येईना. एका गुरुजींनी 'गुणवत्तेत' असे सांगून पाहिले. "कशाच्या गुणवत्तेत?" मुलीने लगेच विचारले. तेवढ्यात घंटा झाली आणि सगळ्यांचीच सुटका झाली.

प्रश्न मात्र रास्त होता. कुकरवर, हेल्मेटवर आयएसआयचे चिन्ह असते, तेव्हा त्या वस्तूसाठी एक मानक ठरलेले असते आणि वस्तू त्या मानकाप्रमाणे आहे असा त्या चिन्हाचा अर्थ असतो. आयएसओ ९००१ हे प्रमाणपत्र कोणत्याही वस्तूला मिळत नाही. ते काम करण्याच्या पद्धतीला मिळते. वस्तू सोडून पद्धत तपासण्याची कल्पना निघाली कुठून? तिचा इतिहास मोठा उद्बोधक आहे, आणि त्याची सुरुवात गणितात आहे.

काड्यापेटीचे उदाहरण घेऊ. पेटीतल्या सगळ्या काड्या नक्की पेटतात की नाही, हे खात्रीने कसे सांगाल? प्रत्येक काडी ओढून पाहिली तर खात्री होईल, पण विकायला काडी उरणार नाही. तोफगोळ्यांचे नेमके असेच आहे. गोळा फुटतो की नाही हे कळण्यासाठी तो फोडावा लागतो. म्हणून काही नमुने तपासायचे आणि त्यांवरून सगळ्या ढिगाबद्दल निर्णय घ्यायचा, एवढाच मार्ग उरतो. हा मार्ग किती भरवशाचा? समजा, एका मोठ्या ढिगातल्या दर १०० काड्यांमध्ये ५ खराब आहेत. आपण न निवडता २० काड्या उचलल्या. एक काडी चांगली निघण्याची शक्यता ०.९५. विसाच्या वीस चांगल्या निघण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.३६. याचा अर्थ असा, की असा ढीग शंभरातल्या छत्तीस वेळा आपल्याला निर्दोष वाटेल! साठ काड्या ओढल्या तर ही फसगत पाच टक्क्यांच्या किंचित खाली येते, पण साठ काड्या खर्ची पडतात. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी नमुन्याचा आकार बदलून हे गणित जरूर करून पाहावे. किती नमुने घ्यावेत, त्यात किती खराब निघाले तर माल नाकारावा, याची कोष्टके अमेरिकेतल्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेत हॅरोल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी तयार केली.

पण कोष्टके कितीही चांगली असली तरी ती फार तर खराब माल बाजूला काढतील. खराब माल तयारच का होतो, याचे उत्तर त्यांत नाही. ते उत्तर शोधणारा माणूस याच टेलिफोनच्या जगातला होता. वॉल्टर शूहार्ट हा मूळचा भौतिकशास्त्रज्ञ. १९१८ मध्ये तो शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यात नोकरीला लागला. टेलिफोन यंत्रणेचा बराच भाग जमिनीखाली पुरलेला असे. एखादा भाग बिघडला की रस्ता खणणे आले. त्यामुळे 'तपासू आणि टाकून देऊ' हा विचार तिथे परवडणारा नव्हता. १६ मे १९२४ रोजी शूहार्टने आपल्या वरिष्ठांना एक टिपण पाठवले. ते जेमतेम एका पानाचे होते, आणि त्यातही सुमारे एक तृतीयांश जागा एका आकृतीने व्यापलेली होती. ती आकृती म्हणजे जगातला पहिला नियंत्रण-आलेख.

त्यातली कल्पना वर्गात सहज दाखवता येते. एका विद्यार्थ्याला मोजपट्टी न वापरता, अंदाजाने, १० सेंटिमीटर लांबीची रेघ वेगवेगळ्या तीस चिठ्ठ्यांवर काढायला सांगा. विसाव्या चिठ्ठीपर्यंत तो बाकावर बसून काढेल. नंतर त्याला उभा करून फळ्यावर चिठ्ठी धरून काढायला लावा. सगळ्या रेघा मिलिमीटरमध्ये मोजा आणि काढल्या त्याच क्रमाने आलेखावर मांडा. पहिल्या वीस रेघांची सरासरी काढून तिची आडवी रेषा आखा, आणि तिच्या वर-खाली प्रमाण विचलनाच्या तिप्पट अंतरावर आणखी दोन रेषा आखा. एकही रेघ दुसरीसारखी तंतोतंत नसते, हे मुलांच्या लगेच लक्षात येईल. पण पहिल्या वीस रेघांचे बिंदू बहुधा या दोन रेषांच्या आतच हेलकावे खात राहतात. त्यातल्या एखाद्या बिंदूचे कारण शोधत बसण्यात अर्थ नाही. तो हाताचा स्वभाव आहे. एकविसाव्यापासून मात्र बिंदू एका बाजूला सरकू लागले, किंवा रेषेबाहेर गेले, तर तिथे काहीतरी बदलले आहे आणि ते शोधून काढता येते. बदल दोन जातींचे असतात, हे शूहार्टचे म्हणणे. दोन्हींना एकच औषध दिले की काम बिघडते. (चाचणीत दोन गुण कमी पडले म्हणून पालकांना बोलावणाऱ्या आपल्यासारख्यांनी इथे जरा थांबायला हरकत नाही.)

इथून एक महत्त्वाची गोष्ट घडली. तपासनिसाची नजर तयार वस्तूवरून ती तयार करणाऱ्या प्रक्रियेकडे वळली.

शूहार्टचा भारताशीही संबंध आला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून तो १९४७-४८ च्या सुमारास इथे आला होता आणि कारखानदारांपुढे त्याने आपली पद्धत मांडली होती. त्याला बोलावणारी संस्था होती कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, म्हणजे आयएसआय. वस्तूंवर चिन्ह देणारी भारतीय मानक संस्था, तीही आयएसआयच! ती ६ जानेवारी १९४७ रोजी स्थापन झाली, आणि जिनिव्हातली आंतरराष्ट्रीय मानक संघटना म्हणजे आयएसओ त्याच वर्षीच्या २३ फेब्रुवारीला सुरू झाली. तीन संस्था, दोन आद्याक्षरी नावे. गोंधळ न झाला तरच नवल.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने शूहार्टच्या आलेखांना युद्धकालीन मानकाचे रूप दिले. पण पद्धतीचे प्रमाणपत्र देण्याची कल्पना खरी रुजली ती त्यानंतर, क्षेपणास्त्रांच्या काळात. एका क्षेपणास्त्रात हजारो सुटे भाग असतात आणि ते ठिकठिकाणच्या पुरवठादारांकडून येतात. लष्कर प्रत्येक भाग कसा तपासणार? आणि प्रत्येक भागाचा नमुना काढायचा म्हटले, तर एका भागातली छोटीशी चूकही सगळे क्षेपणास्त्र निकामी करू शकते. म्हणून १९५९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने 'मिल-क्यू-९८५८' नावाचे विनिर्देशन काढले. त्यात पुरवठादाराला सांगितले होते, की तुम्ही गुणवत्ता कशी राखता त्याची पद्धत आखा, ती लिहून ठेवा, आणि आमचा माणूस येईल तेव्हा ती चालू असलेली दाखवा. १९६८ मध्ये नाटोने आणि १९७३ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्याने याच धर्तीची मानके आणली.

ब्रिटनमध्ये याला एक अनपेक्षित फाटा फुटला. लष्कराचे पाहून मोठे मोठे ग्राहकही आपापले तपासनीस पाठवू लागले. दहा गिऱ्हाइकांना माल देणाऱ्या लहान कारखान्यात दहा पथके येत, तेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत आणि चहा पिऊन जात. मालकाने लेथ चालवायचा की उत्तरे द्यायची? त्यावर उपाय म्हणून सर्वांसाठी एकच मानक, १९७९ चे 'बीएस ५७५०', तयार झाले. तपासणीही एकदाच, ग्राहकाने नव्हे तर त्रयस्थ संस्थेने करायची आणि तिचे प्रमाणपत्र सगळ्यांनी मानायचे, असे ठरले. १९८२ मध्ये ब्रिटिश सरकारने श्वेतपत्रिका काढून या पद्धतीला बळ दिले. १९८७ मध्ये, मुख्यतः हाच पाया धरून, आयएसओने आपली ९००० मालिका प्रसिद्ध केली. योगायोग असा, की त्याच वर्षी १ एप्रिलला आपल्या भारतीय मानक संस्थेचे भारतीय मानक ब्यूरोत रूपांतर झाले.

या व्यवस्थेत एक मेख आहे. पूर्वी तपासणारा हा ग्राहकाचा माणूस होता; माल खराब निघाला तर नुकसान त्याचेच होते. आता तपासणाऱ्याची फी तपासला जाणारा भरतो. बोर्डाच्या परीक्षेची फीही विद्यार्थीच भरतो, हे खरे. पण सोपा पेपर काढणारे परीक्षक त्याला निवडता येत नाहीत. कारखान्याला मात्र प्रमाणपत्र देणारी संस्था निवडता येते. आयएसओ ही संघटना स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ती फक्त मानक लिहिते. मग परीक्षकांची परीक्षा कोणी घ्यायची? त्यासाठी देशोदेशी अधिस्वीकृती मंडळे निघाली. भारतात १९९७ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषद स्थापन झाली आणि तिचे एनएबीसीबी हे मंडळ हे काम पाहू लागले. पण अधिस्वीकृती न घेताही प्रमाणपत्रे छापणारे लोक आहेतच, आणि त्यांच्या प्रमाणपत्राची चौकट सहसा जास्त सोनेरी असते.

नव्वदच्या दशकात निर्यात करणाऱ्या आणि वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या आपल्याकडच्या कारखान्यांत या प्रमाणपत्राची लाट आली. पिंपरी-चिंचवड किंवा नाशिकच्या सातपूर-अंबडसारख्या वसाहतीतल्या एखाद्या लहान कारखान्यात पिना आणि बुश तयार होतात असे समजा. प्रमाणपत्रासाठी तिथे काय करावे लागते? लेथवर लावलेले ड्रॉइंग सुधारित आवृत्तीचेच हवे, जुने काढून घेतलेले हवे. व्हर्निअर आणि मायक्रोमीटरचे कॅलिब्रेशन केव्हा झाले, पुढचे केव्हा, याची नोंद हवी. नाकारलेला जॉब चांगल्या मालात मिसळू नये म्हणून त्याला वेगळी लाल पेटी हवी. गिऱ्हाइकाची तक्रार आली तर ती कशामुळे आली आणि पुन्हा येऊ नये म्हणून काय केले, हे कागदावर हवे. बाहेरचे लेखापरीक्षक आधी कागद पाहतात, मग प्रत्यक्ष येऊन कामगाराशी बोलतात. प्रमाणपत्र सहसा तीन वर्षांचे असते आणि दरम्यान दरवर्षी देखरेखीची फेरी होते.

यातले बहुतेक काम शहाणा मालक तसाही करील. पण लिहिण्याचा अतिरेकही झाला. १९९४ च्या आवृत्तीत वीस कलमे होती, आणि अनेक ठिकाणी मानक म्हणजे कपाटभर फायली असे समीकरण होऊन बसले. त्यापेक्षा गंभीर आक्षेप वेगळाच होता. समजा, एक खडूचा कारखाना आहे. त्याचे खडू फळा ओरखडतात. पण रोज अगदी सारखेच ओरखडतात, आणि ते कसे तयार करायचे हे नीट लिहिलेले आहे. नव्वदच्या दशकातल्या तपासणीत असा कारखाना उत्तीर्ण होण्याची बरीच शक्यता होती! २००० च्या आवृत्तीने हा आक्षेप मनावर घेतला. ९००१, ९००२ आणि ९००३ ही तीन मानके एक झाली, सक्तीच्या लेखी कार्यपद्धती सहावर आल्या, आणि ग्राहक समाधानी आहे का हे पाहण्याची अट आली. २०१५ मध्ये तर गुणवत्ता-पुस्तिकेची सक्तीही गेली. एव्हाना जगभरात दहा लाखांहून अधिक प्रमाणपत्रे दिली गेली होती. जिथून हे सारे सुरू झाले ते मिल-क्यू-९८५८ अमेरिकी लष्कराने १९९६ मध्येच रद्द केले होते. त्याऐवजी त्यांनी बाजारातली मानके, म्हणजे आयएसओ ९००० सुद्धा, चालवून घेतली.

कारखान्यांसाठी घडलेली ही पद्धत पुढे रुग्णालये, पोलीस ठाणी, ग्रामपंचायती आणि शाळांपर्यंत आली. शाळेत 'माल' कोणता आणि 'ग्राहक' कोण, हा प्रश्न शिक्षकांनी विचारला तर तो मुळीच वावगा नाही. आयएसओलाही तो पडला असावा, कारण २०१८ मध्ये तिने शिक्षणसंस्थांसाठी २१००१ हे वेगळे मानक काढले. त्यात शिकणाऱ्याला मध्यभागी ठेवले आहे.

त्या शाळेत आम्ही पुन्हा गेलो तेव्हा मुख्याध्यापकांनी प्रमाणपत्राची चौकट भिंतीवरून उतरवून दिली. सहावीची ती मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी मुद्दाम बोलावल्या होत्या. असे प्रमाणपत्र कसे वाचायचे ते त्यांना दाखवले: कोणती आवृत्ती, दिल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख, अधिस्वीकृती मंडळाचे चिन्ह, आणि 'व्याप्ती' नावाची ओळ. म्हणजे नेमके कोणते काम तपासले, ते. चिन्ह कुठे दिसेना. व्याप्तीत लिहिले होते, 'पहिली ते सातवीचे शिक्षण देणे'. गणित किती येते, वाचन किती होते, याबद्दल अर्थातच एकही शब्द नव्हता. मुलीने मान हलवली. मग तीच म्हणाली, "पण टाकीची वही आम्ही रोज लिहितो."

पाण्याची टाकी धुतल्याची ती नोंदवही आम्ही चाळली. मानांकनाच्या वेळी सुरू झालेली, तीन वर्षांची, दर शनिवारी दोन मुलांच्या सह्या. एका शनिवारी पेन्सिलीने लिहिलेले होते, 'आज नळाला पाणी आले नाही. टाकी धुतली नाही.' खाली दोन सह्या होत्या.