विंचूदंश आणि मज्जासंदेश : कोकणातील एका उपचाराचा इतिहास

प्रस्तावना

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. मालवण, देवगड व वेंगुर्ले हे त्यातील किनारी तालुके होत. जांभ्या चिऱ्यांचे गडगे, सरपणाचे ढीग व नारळाच्या सोडणांच्या राशी हे येथील घराभोवतीचे नित्याचे दृश्य. तांबडा विंचू अशाच अडगळीत आसरा घेतो. प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी १९०० मध्ये या विंचवाच्या एका प्रकाराला कोकणाचेच नाव दिले. त्याच्या दंशावरील उपचारांचा इतिहास म्हणजे मज्जातंतूंचे कार्य उमगत गेल्याचा इतिहास होय.

लोकसमज

मोठी काळी इंगळी अधिक घातक, हा समज कोकणात सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात प्राणघातक ठरतो तो आकाराने लहान असलेला तांबडा विंचू. सोळाव्या शतकातील संत एकनाथांच्या विंचवावरील भारुडात अंगाला सुटणाऱ्या घामाचा उल्लेख येतो. आध्यात्मिक रूपकासाठी योजलेले हे लक्षण वैद्यकीयदृष्ट्याही अचूक आहे. पुढे विंचू उतरवणारे मांत्रिक गावोगावी होते. बहुतेक दंशांतील वेदना कालांतराने आपोआप शमते, त्यामुळे मंत्राला यश आल्याचे दिसे. गंभीर दंशात मात्र दंशस्थानी वेदना अनेकदा अल्पच असते. ‘दुखत नाही, म्हणजे उतरले’ या समजुतीत मोलाचे तास निघून जात.

मज्जासंदेशाचे स्वरूप

मालवणच्या मासळीबाजारात मिळणाऱ्या माकुलाच्या कुळातीलच एका जातीच्या जाड मज्जातंतूवर हॉजकिन व हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी प्रयोग केले. सोडिअमचे आयन तंतूच्या आत शिरल्याने विद्युत् आवेग निर्माण होतो आणि पोटॅशिअमचे आयन बाहेर पडल्याने तो शमतो, हे त्यांनी १९५२ मध्ये मांडले. १९६३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विंचवाचे विष नेमके या यंत्रणेवर आघात करते. सोडिअमची द्वारे वेळेवर मिटत नाहीत. विषातील काही घटक पोटॅशिअमच्या वाटा अडवतात. परिणामी संदेश थांबतच नाही. स्वायत्त मज्जासंस्थेत वादळ उठते. प्रथम उलट्या, लाळ व दरदरून घाम. त्यानंतर अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांच्या पुरामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हातपाय गार पडतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचते.

बिरवाडी ते महाड

डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळी गंभीर दंशाच्या रुग्णालयात आलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. गुंगी आणणाऱ्या औषधांचे मिश्रण किंवा अॅट्रोपिन दिले जाई. मूळ वादळ त्याने शमत नसे. बावसकर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम टिपला. तो १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. उच्च रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध रक्तवाहिन्यांवरील अल्फा ग्राहींना अडवते. विषाने उठवलेला संदेश जेथे पोहोचतो तेथेच तो रोखावा, या विचाराने त्यांनी हे औषध वापरले. डॉ. प्रमोदिनी बावसकर यांच्यासमवेत त्यांनी १९८६ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्येच मांडले. पुढे मृत्यूचे प्रमाण अत्यल्प झाले.

प्राझोसिन विषाचा परिणाम रोखते, विष नष्ट करीत नाही. ते काम प्रतिविष करते. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७० रुग्णांच्या चाचणीत, केवळ प्राझोसिन मिळालेल्यांना बरे होण्यास सरासरी १७.७ तास लागले, तर सोबत प्रतिविषही मिळालेल्यांना ८ तास. २०२२ मध्ये डॉ. बावसकर यांना पद्मश्री जाहीर झाली.

समारोप

या इतिहासात खर्चिक यंत्र कोठेही नाही. स्वस्त गोळी आणि बारकाईने केलेले निरीक्षण यांनी ग्रामीण आरोग्य केंद्रातून जगाच्या वैद्यकाला दिशा दिली. मात्र हे ज्ञान रुग्णाच्या उपयोगी पडते ते वेळेत पोहोचल्यासच. मालवणच्या वाडीतील मुलाला विंचू चावला असता ‘किती दुखते?’ एवढेच विचारणे पुरेसे नाही. घाम सुटला आहे काय, उलटी झाली काय, हातपाय गार पडले आहेत काय, हे पाहणे आणि विनाविलंब आरोग्य केंद्र गाठणे, हाच या संशोधनाचा घराघरांत पोहोचावा असा अर्थ होय.