डोळ्यांत राहिलेली झोप

'हिप्नोपॉम्पिक'. नाव ऐकलं की होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या डोळ्यांसमोर येतात. पण हा शब्द आपल्यातल्या बऱ्याच जणांनी लहानपणी कधी ना कधी घेतलेल्या एका अनुभवाचा आहे. पहाटे जाग येते, डोळे टक्क उघडे असतात. खोली आपलीच, कपाट आपलंच, खिडकीतून येणारा उजेडही रोजचाच. आणि त्या सगळ्यात एक गोष्ट अशी दिसते, जी तिथे नसते. कोपऱ्यात उभी असलेली बाई, छतावरून उतरणारा साप, पायाशी बसलेलं कुणीतरी. काही सेकंद, फार तर मिनिटभर. मग ते विरतं आणि कपाट तेवढं उरतं.

मला सात-आठ वर्षांचा असताना मच्छरदाणीच्या छतावर कोळी दिसायचे. एक-दोन नाही, वीस-पंचवीस. मी ओरडायचो. घरात याच्यावर दोन मतं होती. काकांच्या मते पोरगं थापाडं आहे, शेजारच्या काकूंच्या मते दृष्ट काढायला हवी. आजी मात्र शांतपणे दिवा लावायची, हात धरायची आणि म्हणायची, "काही नाही रे, डोळ्यांतली झोप गेली नाही अजून." तिच्या या वाक्यात किती शास्त्र होतं ते मला फार उशिरा कळलं. आणि हे वाक्य म्हणणारं कुणी जवळ नसेल तर काय होऊ शकतं, हेही. तर मंडळी, आज त्याचीच गोष्ट.

साल १६९२. अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स, तेव्हा इंग्रजांची वसाहत. तिथल्या सेलममध्ये चेटकिणींचे ते कुप्रसिद्ध खटले सुरू होते. पहिला खटला उभा राहिला ब्रिजेट बिशप नावाच्या बाईवर. तिच्याविरुद्धच्या ज्या साक्षी आजही उपलब्ध आहेत, त्यातल्या काही वाचताना अंगावर काटा येतो, पण चेटकामुळे नव्हे.

जॉन लाउडर नावाच्या माणसाने सांगितलं की काही वर्षांपूर्वी त्याचं ब्रिजेटशी तिच्या कोंबड्यांवरून भांडण झालं होतं. कोंबड्या त्याच्या बाजूच्या बागेत शिरायच्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका रात्री छातीवर मोठं ओझं जाणवून त्याला जाग आली. लख्ख चांदणं होतं, आणि त्या चांदण्यात त्याने पाहिलं तर ब्रिजेट, किंवा तिच्यासारखीच कुणी, त्याच्या पोटावर बसलेली. हातपाय हलवायची ताकद उरली नव्हती.

सॅम्युएल ग्रे नावाच्या दुसऱ्या साक्षीदाराची हकीकत जास्त करुण आहे. साधारण चौदा वर्षांपूर्वी तो रात्री जागा झाला तेव्हा बाळाचा पाळणा आणि पलंग यांच्यामध्ये एक बाई उभी दिसली. तो उठून बसला तशी ती नाहीशी झाली. मग पुन्हा दिसली. पाळण्यातलं बाळ किंचाळलं. पुढे ते बाळ खंगत गेलं आणि काही महिन्यांनी वारलं. लेकरू गमावलेल्या बापाच्या मनात ती दोन दृश्यं एकमेकांना चिकटून बसली, आणि ती बाई म्हणजे ब्रिजेट बिशप असं त्याने कोर्टात सांगितलं.

हे दोघे खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्यांना जे दिसलं ते दिसलंच असणार. पण झोपेतून उठताना दिसलेलं आणि जागेपणी पाहिलेलं यांत फरक करायला तिथे कुणाकडे शब्द नव्हता. जे डोळ्यांनी दिसलं ते साक्षीपुराव्यात जमा झालं. १० जून १६९२ रोजी ब्रिजेट बिशपला फाशी दिलं. त्या वर्षी एकूण एकोणीस जण फासावर गेले. ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर विल्यम फिप्सने ते खास कोर्ट बरखास्त केलं. नव्या कोर्टात अशा 'आकृती दिसल्या'च्या पुराव्याला किंमत उरली नाही, आणि बहुतेक आरोपी सुटले. ब्रिजेटचं नाव मात्र कायद्याने निर्दोष ठरायला २००१ साल उजाडावं लागलं.

शब्द यायलाही बराच वेळ लागला. आल्फ्रेड मोरी नावाचा एक फ्रेंच विद्वान स्वतःच्याच झोपेचा अभ्यास करायचा. झोप लागता लागता जी चित्रं दिसतात त्यांना त्याने १८४८ मध्ये 'हिप्नागॉगिक' भास असं नाव दिलं, म्हणजे झोपेकडे नेणारे. उठतानाच्या भासांना नाव दिलं इंग्लंडच्या फ्रेडरिक मायर्सने. मायर्स १९०१ मध्ये गेला आणि त्याचं मोठं पुस्तक १९०३ मध्ये निघालं, त्यात हा शब्द आहे. ग्रीकमध्ये 'हिप्नोस' म्हणजे झोप आणि 'पॉम्पे' म्हणजे पाठवणी. झोपेची पाठवणी! आपल्याकडे पाहुणा निघतो तेव्हा कसं होतं? चपला घालतो, दार उघडतो, आणि मग दारातच अर्धा तास गप्पा रंगतात. स्वप्नाचं तसंच. निघालेलं असतं, पण उंबरठ्यावर रेंगाळतं.

गंमत म्हणजे मायर्सला भुताखेतांमध्ये चांगलाच रस होता. मृत्यूनंतर काय, याचा शोध घ्यायला १८८२ मध्ये लंडनमध्ये जी संस्था निघाली, तिच्या संस्थापकांपैकी तो एक. 'टेलिपथी' हा शब्दही त्याचाच. याच संस्थेने सतरा हजार माणसांना विचारलं, की पूर्ण जागेपणी तुम्हाला कधी नसलेली गोष्ट दिसली किंवा ऐकू आली आहे का? १८९४ च्या अहवालात जवळपास दहा टक्के लोकांचं उत्तर 'हो' असं आलं. भुतं शोधायला निघालेल्या मंडळींनी दाखवून दिलं काय, तर चांगली शहाणी, कामधंदा करणारी माणसंही असं काहीबाही पाहतात!

मुलांबद्दल त्याआधीच फ्रान्सिस गाल्टनने लिहून ठेवलं होतं. १८८३ च्या त्याच्या पुस्तकात तो म्हणतो की कल्पक मुलाला खरं आणि भासलेलं वेगळं करायला शिकणं अवघड जातं, आणि भोवतालची मंडळी हसत, दटावत राहिली की मूल ते बाजूला टाकायला शिकतं. मला यात एक भर घालावीशी वाटते. हसल्यावर मूल बऱ्याचदा पाहणं थांबवत नाही, सांगणं थांबवतं.

आता यामागचं यंत्र. त्याचा शोधही एका मुलापासूनच सुरू झाला. १९५१ च्या डिसेंबरात शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की नावाच्या विद्यार्थ्याने आपल्याच आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्याला आणि डोळ्यांपाशी तारा लावून त्याला झोपवलं. मध्येच यंत्राच्या सुया जोरात हलू लागल्या. बापाला वाटलं, पोरगं उठलं. जाऊन बघतो तर ते गाढ झोपलेलं, फक्त पापण्यांखाली डोळे भराभर फिरत होते. १९५३ मध्ये त्याने आणि त्याचे मार्गदर्शक नॅथनिएल क्लाइटमन यांनी हे प्रसिद्ध केलं, आणि 'रेम' झोप जगाला कळली. आपली सर्वांत ठसठशीत स्वप्नं याच झोपेत पडतात. पुढे १९५९ च्या सुमारास फ्रान्समध्ये मिशेल जुव्हे यांनी मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की या झोपेत शरीराचे स्नायू पार ढिले पडतात. मेंदू जणू शरीराचं मेन स्विचच बंद करतो. ते बरंच आहे, नाहीतर स्वप्नात पळताना आपण खरोखर पलंगावरून धावत सुटलो असतो.

एरवी जाग येते तेव्हा स्वप्न संपणं, स्नायू मोकळे होणं आणि डोळे उघडणं हे सगळं एकदमच होतं. कधीतरी मात्र वेळ चुकते. डोळे उघडतात, पण स्वप्न चालूच. मग खोलीच्या खऱ्या चित्रावर स्वप्नाचं चित्र पडतं. स्नायूंचं स्विचही बंद राहिलं असेल तर हलता येत नाही, छातीवर दाब वाटतो, आणि भेदरलेला मेंदू त्या दाबाला एक चेहरा देतो. बहुधा मनात आधीपासून असलेलाच. लाउडरच्या मनात कोंबड्यांवरून भांडलेली शेजारीण होती.

आपल्या जुन्या माणसांनी या जागेचा वेगळ्या वाटेने विचार केला होता. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य जनकाला सांगतात, की माणसाची दोन स्थानं, हा लोक आणि परलोक, आणि स्वप्न हे तिसरं, सांध्यावरचं. तिथे उभं राहून दोन्हीकडचं दिसतं. संदर्भ आत्म्याचा आहे, मेंदूचा नाही. पण 'सांधा' ही कल्पना मला फार आवडते. भास होतो तो सांध्यावरच.

आणि हे दुर्मीळ नाही. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका पाहणीत जवळपास पाच हजार माणसांना विचारलं, तेव्हा ३७ टक्क्यांनी झोप लागताना आणि साडेबारा टक्क्यांनी उठताना असे भास होतात असं सांगितलं. म्हणजे दर आठांत एक. पुढच्या लग्नाच्या पंगतीत बसाल तेव्हा ओळ मोजून पाहा!

म्हणून घरात लहान मुलं असलेल्यांना एवढंच सांगावंसं वाटतं. मूल सकाळी म्हणालं की कपाटापाशी कुणीतरी होतं, तर ते खोटं बोलतंय असं धरू नका, आणि कुणी होतं असंही धरू नका. "तुला दिसलं ना? दिसतं असं कधीकधी, झोप पूर्ण गेलेली नसते तेव्हा," एवढं पुरतं. दिवा लावा, पाणी द्या. रात्रीच्या पहिल्या प्रहरात किंचाळून उठणं आणि सकाळी त्यातलं काहीच न आठवणं हा प्रकार वेगळा, तो गाढ झोपेतला. बहुतेक मुलांचा वाढत्या वयात तोही जातो. मात्र दिवसाही अनावर झोप येत असेल, किंवा खदखदून हसताना गुडघ्यांतलं बळ जात असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. ते निराळं दुखणं आहे आणि त्यावर उपचार आहेत.

सेलममधल्या त्या रात्री ग्रेच्या घरात आजारी पडणारं एक बाळ होतं आणि घाबरलेला एक बाप होता. बाळाला वाचवणं त्या काळी कदाचित कुणाच्याच हातात नव्हतं. पण त्या बापाला कुणीतरी हात धरून चार शब्द सांगितले असते, तर निदान कोर्टातली एक साक्ष कमी झाली असती.