प्राणिजन्य उपपदार्थ, वराहखाद्यातील : पोषणमूल्याचे अनुमान

कत्तलखान्यात, कोंबड्यांच्या प्रक्रियेत आणि मासळीच्या धंद्यात माणसाच्या खाण्यात न येणारा जो भाग उरतो, तो शिजवून, चरबी काढून, वाळवून, दळून डुकरांच्या खाद्यात घालतात. मांस-हाडांची भुकटी, रक्तभुकटी, पिसांची भुकटी आणि फिश मील हे त्याचे मुख्य प्रकार. मुंबईत १९७१ साली सुरू झालेला देवनारचा कत्तलखाना आणि नाशिक जिल्ह्यातला कोंबडीपालनाचा मोठा व्यवसाय यांतून असा कच्चा माल निघतो.

पोत्यावरचा प्रथिनांचा आकडा बहुधा केल्डाल पद्धतीचा (१८८३) असतो : नत्र मोजायचे आणि ६.२५ ने गुणायचे. या हिशेबात पिसांतले केराटिन आणि स्नायूंतले प्रथिन एकाच मोलाचे ठरते. पिसांच्या भुकटीत ८० टक्क्यांहून अधिक प्रथिन दिसते. पण पिसे दाबाखाली वाफेवर शिजवलेली नसतील तर त्यातले फारच थोडे पचते. रक्तभुकटीत ८५ ते ९० टक्के प्रथिन आणि भरपूर लायसिन असते, आयसोल्युसिन मात्र अगदी कमी. मांस-हाडांच्या भुकटीत कोलॅजन बरेच असते आणि कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन नसतेच. मक्यातही ते कमी असल्याने या दोघांची जोडी एकमेकांची उणीव भरून काढत नाही.

अमिनो आम्लांची खरी पचनीयता लहान आतड्याच्या शेवटी मोजावी लागते. त्यापुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू उरलेले प्रथिन मोडतात. त्याचा डुकराला उपयोग नसतो, पण विष्ठेवरून काढलेला आकडा त्यामुळे बदलतो. म्हणून प्रयोगात आतड्याला नळी बसवतात आणि खाद्यात टायटॅनियम डायऑक्साइडसारखा न पचणारा खूणपदार्थ मिसळतात. अशी चाचणी प्रत्येक खेपेला शक्य नसते. रोजच्या वापरात राख आणि पेप्सिन-पचनीयता यांवरून अनुमान बांधतात. राख जास्त म्हणजे हाड जास्त, आणि ऊर्जा कमी. फिश मीलमध्ये आम्लात न विरघळणारी राख वाढली की वाळूची भेसळ ओळखावी.

नाशिक जिल्ह्यातल्याच पेठ तालुक्यात वराहपालन हा प्रमुख धंदा नाही. भात, नागली आणि वरई ही इथली पिके. पण नागलीवर डुकरे पोसायची ठरवली तर हिशेब मक्याच्या तक्त्यावरून करता येत नाही. नागलीत सुमारे ०.३४ टक्के कॅल्शियम असते, मक्यात जेमतेम ०.०२ ते ०.०३. मांस-हाडांच्या भुकटीत ते १० टक्क्यांच्या आसपास. खाद्यात निम्मी नागली आणि ५ टक्के भुकटी घातली की कॅल्शियम ०.६७ टक्के होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २०१२ च्या तक्त्यानुसार २५ ते ५० किलोच्या डुकराची गरज ०.६६ टक्के आहे, म्हणजे ती एवढ्यातच भागली. लायसिनचे चित्र उलटे. भुकटीतले लायसिन २.५ टक्के आणि त्याची पचनीयता ७३ टक्के धरली, तर ५ टक्के भुकटीतून पचनीय लायसिन मिळते ०.०९ टक्के, गरज ०.९८ टक्के. ही तूट भरायला भुकटी दुप्पट केली तर कॅल्शियम बेसुमार वाढते, जस्ताचे शोषण अडते आणि कातडी खपल्या धरून जाड होते. नागलीच्या खाद्यात लायसिनसाठी सोयापेंड किंवा चांगले फिश मीलच हवे, असे या आकड्यांवरून स्पष्ट दिसते.

हॉटेलातले खरकटे आणि कोंबडीच्या दुकानातला ओला कचरा यांचे रासायनिक विश्लेषण कितीही चांगले आले, तरी ते कच्चे खाऊ घालू नयेत. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० मध्ये भारतात आला. दूषित खरकटे हा त्याच्या प्रसाराचा एक जुना मार्ग आहे आणि या रोगावर औषध नाही. असे खाद्य वापरायचेच झाले तर सतत ढवळत ९० अंश सेल्सिअसला किमान एक तास शिजवावे लागते.

तयार भुकटी विकत घेणाऱ्याने प्रथिनांबरोबर राख, कॅल्शियम आणि पेप्सिन-पचनीयता यांचे प्रयोगशाळेतले आकडे मागावेत. जो विक्रेता ते देत नाही, त्याचा माल स्वस्त असला तरी घेऊ नये.