एका इंजिनाचे दोन संसार

नाशिकच्या माणसाला कसारा घाट समजावून सांगायला नको. मुंबईहून येणाऱ्या पुष्कळशा आगगाड्या कसाऱ्याला थांबतात, मागच्या बाजूला जादा इंजिने जोडली जातात, आणि पुढून ओढ नि मागून रेटा अशा जोरावर गाडी इगतपुरी गाठते. १८६५ साली हा लोहमार्ग सुरू झाला. दर ३७ फुटांमागे एक फूट असा त्याचा चढ आहे, आणि तेव्हापासून आजतागायत घाटाने आपला हा कर सोडलेला नाही.

आगगाडीला मागून रेटा मिळतो. पण त्याच घाटाच्या सडकेवरून चढणाऱ्या मोटारीचं काय? तिला मागून ढकलायला कोणी येत नाही. पाच माणसे, टपावर वळकट्या, आणि पुढे बॉनेटखाली एक लहानसे इंजिन. जो काही जोर काढायचा तो त्यातूनच. आपल्याकडे चाळीस-पंचेचाळीस वर्षे ही कामगिरी ज्या एका लहान गाडीने बजावली, ती म्हणजे फियाट अकराशे. पुढे तीच पद्मिनी झाली. आज तिच्या इंजिनाची हकिगत सांगायची आहे. हे इंजिन दोन घरी नांदले. एका घरी त्याच्याकडून वेग मागितला गेला, दुसऱ्या घरी आयुष्य. दोन्ही घरी त्याने शब्द पाळला. लहान इंजिनातून मोठी ताकद काढायची म्हणजे काय, हे या दोन संसारांची तुलना केली की चांगले उमगते.

आधी माप पाहू. या इंजिनात चार नळकांडी. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, आणि आतल्या दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, धाव ७५ मिलिमीटर. शाळेतल्या मुलांनी वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र लावून पाहावे. एका नळकांड्यात २७२ घन सेंटिमीटर जागा भरते, चारांत मिळून १०८९. एकेक नळकांडे पाव लिटरहून जरासे मोठे, म्हणजे चहाच्या दोन-तीन पेल्यांएवढे. यावर पाच माणसांचा संसार घाट चढून जातो!

हे इंजिन जन्मले इटलीतल्या तुरीन शहरात, १९३७ साली. फियाट कंपनीचे अभियंते दान्ते जाकोसा यांच्या हाताखाली ही गाडी घडली. त्या वेळी इंजिनाची ताकद होती ३२ अश्वशक्ती. साधे, कणखर, दुरुस्तीला सोपे, अशी त्याची ख्याती झाली. पुढे महायुद्ध झाले, इटली होरपळली. युद्ध संपताच तुरीनमधल्या प्येरो दुसिओ नावाच्या उद्योगपतीने शर्यतीच्या लहान गाड्या बांधायचे मनावर घेतले. युद्धानंतरच्या ओढगस्तीत खास इंजिन घडवणे परवडणारे नव्हते. म्हणून जाकोसा यांनीच, फियाटमधले काम सांभाळून, बाजारात मिळणारे हे अकराशेचे इंजिन घेऊन गाडीचा आराखडा करून दिला. पोलादी नळ्यांचा हलका सांगाडा, आणि त्यात हे इंजिन. गाडीचे नाव चिसितालिया. १९४६ साली ती धावली तेव्हा त्याच १०८९ घन सेंटिमीटरमधून सुमारे ६० अश्वशक्ती निघत होती. बत्तिसाचे साठ!

या इंजिनाने काय केले ते ऐका. १९४७ च्या जून महिन्यात इटलीतली मिले मिलिया ही प्रसिद्ध शर्यत झाली. साध्या सडकांवरून सुमारे अठराशे किलोमीटर. चिसितालियावर बसले होते ताझिओ नुवोलारी. वय ५४, प्रकृती खालावलेली. समोर जवळजवळ तिप्पट मोठ्या इंजिनाची आल्फा रोमिओ. तरी हा म्हातारा या लहान गाडीने सगळ्यांच्या पुढे निघाला. अखेरच्या टप्प्यात मुसळधार पाऊस लागला, इंजिनाच्या विजेच्या भागात पाणी शिरले, वेळ गेला, आणि पहिला नंबर हुकून दुसरा आला. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असे आपण म्हणतो ते काही खोटे नाही.

आता खरा प्रश्न. बत्तिसाचे साठ झाले कसे? नळकांडी तर वाढवली नव्हती. याचे उत्तर तीन गोष्टींत आहे. हवा, दाब आणि फेरे.

पहिली गोष्ट हवा. इंजिन पेट्रोलवर चालते हे अर्धे सत्य झाले. पेट्रोल जळायला त्याच्या वजनाच्या पंधरापट हवा लागते. इंजिन मिनिटाला ४८०० फेरे घेत असेल, तर नळकांड्यात हवा ओढून घ्यायला एका सेकंदाचा सुमारे १६० वा भाग मिळतो. तेवढ्या अवधीत झडप उघडायची, हवा आत यायची, झडप मिटायची. नळकांडी दर वेळी काठोकाठ भरली असे धरले, तर मिनिटाला सुमारे २६०० लिटर हवा, म्हणजे दोनशे लिटरची तेरा पिंपे! प्रत्यक्षात ती तितकी भरत नाहीत, कारण वाट अरुंद आणि वाकडी असते. म्हणून शर्यतीचा कारागीर झडपा मोठ्या करतो, हवेच्या वाटा घासून सरळ नि गुळगुळीत करतो, मोठा कार्बोरेटर बसवतो, आणि कॅमचे उंचवटे असे घडवतो की झडप अधिक वेळ उघडी राहावी. धूर बाहेर जाण्याची नळीही मोकळी लागते. उच्छ्वास अडला तर श्वास कसा घेणार?

दुसरी गोष्ट दाब. सायकलचा पंप घ्या, तोंडावर अंगठा दाबा आणि दांडा जोराने रेटा. पंप गरम लागेल. दाबलेली हवा तापते. हवा नि पेट्रोल जितके दाबून पेटवावे, तितका त्यातून जास्त जोर निघतो. म्हणून इंजिनाचे हेड खालून थोडे तासतात, वरची जागा कमी करतात, की दाब वाढला. पण इथे एक मर्यादा आड येते. तुमच्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनात हवा इतकी दाबतात की तेल आपोआप पेटते. तिथे तेच हवे असते. पेट्रोलच्या इंजिनात मात्र ठिणगीने लावलेली आग पसरत असतानाच उरलेले मिश्रण आपोआप पेटले, तर खणखण आवाज येतो. मिस्त्री त्याला नॉकिंग म्हणतात. ते फार काळ चालले तर पिस्टनला भोक पडते. म्हणजे दाब किती वाढवायचा हे कारागीर ठरवत नाही, गावात मिळणारे पेट्रोल ठरवते.

तिसरी गोष्ट फेरे. जितके जास्त फेरे, तितके जास्त घास, तितकी जास्त ताकद. पण ४८०० फेऱ्यांचे ६००० केले, म्हणजे वेग फक्त सव्वापट वाढवला, तर खाली-वर धावणाऱ्या पिस्टनची दांड्याला बसणारी ओढ दीडपटीहून जास्त होते. कारण ती वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते. आणि या इंजिनाचा क्रँक, म्हणजे मुख्य दांडा, तीनच बेअरिंगांवर टेकलेला आहे. जास्त फेऱ्यांना तो किंचित लवतो. वळणावर तेल टाकीत एका बाजूला सरकले आणि पंपाला मिळेनासे झाले, तर बेअरिंग जळते. म्हणून चिसितालियात तेलाची टाकी वेगळी ठेवून पंपाने तेल फिरवण्याची योजना होती. ताकद वाढवणाऱ्याने आधी कमकुवत जागा शोधावी लागते, ती अशी.

म्हणजे पाहा, बाहेरून काही आणून ओतले नव्हते. जे साठ घोडे निघाले ते त्या १०८९ घन सेंटिमीटरमध्येच दबून होते. मात्र प्रत्येक सुटलेला घोडा कशाचे तरी आयुष्य खातो. शर्यतीचे इंजिन काही तास जगले तरी पुष्कळ. शर्यत संपली की ते उघडायचे, तपासायचे, झिजलेले बदलायचे.

आता दुसरा संसार. तो आपल्याकडचा. वालचंद हिराचंद हे नाव नाशिक जिल्ह्याला परके नाही. मालेगाव तालुक्यातले रावळगाव, तिथला साखर कारखाना आणि ती गोळी, हे त्यांचेच. माळरानावर ऊस उभा करणाऱ्या या माणसाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली, आणि १९४७ साली मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटार बाहेर पडली. १९५३ साली वालचंद वारले. पुढच्याच वर्षी, १९५४ साली, कुर्ल्यात फियाट अकराशे तयार होऊ लागली. आधी बरेचसे भाग बाहेरून येत, मग एकेक भाग इथे होऊ लागला. १९६४ साली नवा साचा आला. सत्तरच्या दशकात गाडीला पद्मिनी हे नाव मिळाले. इंजिन मात्र तेच, १०८९ घन सेंटिमीटरचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे.

इथे मनात शंका येईल. तुरीनमध्ये १९५३ च्या सुमारासच याच मापाचे सुमारे ५० अश्वशक्तीचे वेगवान इंजिन आले होते. मग कुर्ल्याला चाळिसावर का थांबले? याला दोन कारणे आहेत, आणि दोन्ही सांगितली पाहिजेत. पहिले कारण शहाणपणाचे. आपल्याकडचे साधे पेट्रोल हलक्या प्रतीचे होते, जास्त दाब त्याला सोसत नव्हता. रस्ते खडबडीत, धूळ फार. टॅक्सीवाल्याला शर्यत जिंकायची नव्हती, घरचा खर्च काढायचा होता. दाब कमी, फेरे कमी, म्हणून इंजिन वर्षानुवर्षे टिकले, आणि दादरहून नाशिकला येणाऱ्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने ऊन-पावसात घाट चढले. दुसरे कारण तितके गोड नाही. परवान्यांच्या त्या काळात गाडीसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. गिऱ्हाईक रांगेत उभेच असेल तर माल सुधारायची घाई कोणाला? जगातली इंजिने पुढे गेली, आपले तिथेच राहिले. टिकाऊपणा हा गुण खरा, पण थांबून राहणे हा काही टिकाऊपणा नव्हे.

तरी आपल्याकडेही काहींनी हे इंजिन जागे केले. मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातल्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत. तिथे सुधारलेल्या फियाट धावत. चिसितालियात झाले तेच हवा, दाब नि फेऱ्यांचे गणित, फक्त हाताशी मिळेल त्या सामानावर.

२००० च्या सुमारास कुर्ल्यातून पद्मिनी निघणे बंद झाले. मुंबईच्या टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आता उरल्या आहेत त्या हौशी लोकांनी जपलेल्या. कोणा तरुणाच्या हाती आजोबांची गाडी येते, आणि तिला चपळ करावी असे त्याला वाटते. वाटू द्यावे. नाशिकला सातपूर-अंबडच्या वसाहतींत बोअर करणारे, क्रँक घासून देणारे, हेड सपाट करणारे हात आहेत. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचे इंजिन ज्या यंत्रावर नवे होते, त्याच यंत्रावर हेही होईल.

पण क्रम पाळावा. आधी ब्रेक. या गाडीला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक आहेत. ताशी ८० ऐवजी १०० ने धावणारी गाडी थांबवायला दीडपटीहून जास्त काम पडते, तेच वर्गाचे गणित. मग पाण्याची जाळी, म्हणजे रेडिएटर, आणि तेलाचा पंप. मग क्रँक, दांडे आणि पिस्टन एकसारख्या वजनाचे करून घेणे. हवा, दाब आणि फेरे यांची पाळी सगळ्यात शेवटी. शिवाय पेट्रोल बदलले आहे हे विसरू नये. २००० सालापासून देशभर शिसे नसलेले पेट्रोल आले, आणि जुन्या इंजिनाच्या झडपांची बैठक कठीण धातूची आहे की नाही हे पाहणे भाग पडले. आता २०२५ पासून पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते दाब सोसते ही जमेची बाजू. पण ते जुन्या रबरी नळ्या खाते, आणि कार्बोरेटरमधून थोडे जास्त इंधन सोडावे लागते. आणखी एक गोष्ट, नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. इथली हवा विरळ, म्हणून मुंबईत जुळवलेले इंजिन इथे शंभरातली पाच-सहा टक्के ताकद गमावते. नाशिकची गाडी नाशिकलाच जुळवावी.

शिक्षकांना एक विनंती. वर्गात शक्ती, दाब, वेग हे शब्द येतात तेव्हा हे १०८९ चे गणित फळ्यावर मांडावे. सायकलचा पंप वर्गात फिरवावा. आणि मुलांना विचारावे, एकाच इंजिनाला तुम्ही काय मागाल, वेग की वर्षे? दोन्ही हवे म्हणणारा मुलगा निघालाच, तर त्याला बसवू नका. ते दोन्ही कसे मिळवायचे, हाच तर शोध आजवर चालत आला आहे.