दारावरची पाटी

जुन्या करारातील अनुवाद ग्रंथाचा तेविसावा अध्याय आपल्या घरांत क्वचितच वाचला जातो. तरीही ज्या विषयाकडे आम्हांला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे, त्याची दोन्ही टोके या एकाच अध्यायात सापडतात. अध्यायाच्या आरंभी असा नियम आहे की, ज्याचे पुरुषत्व छेदले गेले आहे, त्याला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही. त्यानंतर थोड्याच ओळींनी दुसरा नियम येतो. छावणीबाहेर शौचासाठी जागा नेमलेली असावी, खणण्याचे साधन जवळ बाळगावे आणि मळ मातीने झाकावा. कारण परमेश्वर त्या छावणीतून फिरत असतो. मंडळीत कोणाला घ्यावे आणि देहधर्मासाठी कोणी कोठे जावे, हे दोन प्रश्न त्या प्राचीन काळीही असे शेजारी शेजारी उभे होते.

आज नागपुरात ते पुन्हा एकत्र आले आहेत. बर्डीच्या बाजारात, बसस्थानकावर, कचेरीत किंवा न्यायालयाच्या आवारात सार्वजनिक प्रसाधनगृहापाशी दोन पाट्या असतात : ‘स्त्रिया’ आणि ‘पुरुष’. आपल्यापैकी बहुतेकांना त्या वाचण्याचीही गरज पडत नाही. पाय आपोआप वळतात. परंतु त्या पाट्यांपुढे थबकणारी माणसेही या शहरात आहेत. २०११ च्या जनगणनेत स्त्री वा पुरुष यांऐवजी ‘इतर’ अशी नोंद झालेल्यांची संख्या देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ होती. पुरुषांच्या दाराने गेल्यास टवाळी वा मारहाण आणि स्त्रियांच्या दाराने गेल्यास आरडाओरडा, हा तृतीयपंथी माणसाचा नित्याचा अनुभव. ज्याला घराबाहेर लघवीला जाता येत नाही, त्याला दिवसभर शिकता येत नाही, नोकरी करता येत नाही, दूरचा प्रवासही करता येत नाही. प्रश्न दिसायला लहान, पण सार्वजनिक जीवनाचे सारे दरवाजे या एका दरवाजामागे आहेत.

या दोन पाट्या काही सृष्टीच्या आरंभापासून लटकलेल्या नाहीत. त्यांनाही इतिहास आहे. १८५१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलेल्या भव्य प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज या कारागिराने प्रेक्षकांसाठी प्रसाधनगृहे बांधली आणि एक पेनी शुल्क आकारले. नगररचनेत अशी सोय असू शकते, हे तेव्हा लोकांच्या ध्यानी आले. तथापि पुढे अनेक वर्षे शहरांतील बहुतेक सोयी पुरुषांसाठीच राहिल्या. १९०० च्या सुमारास लंडनच्या सेंट पँक्रस भागात स्त्रियांसाठी प्रसाधनगृह बांधण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा नगरप्रतिनिधींनी तो विनयाला सोडून असल्याचे म्हणत विरोध केला. नाटककार बर्नार्ड शॉ त्या वेळी तेथे सभासद होते. त्यांनी प्रस्तावाची बाजू घेतली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १८८७ साली कायदा करून कामगार स्त्रियांसाठी वेगळ्या शौचालयांची सक्ती केली. आपल्याकडेही २०११ साली मुंबईत स्त्रियांनी ‘राइट टू पी’ ही चळवळ सुरू केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि स्त्रीला मात्र पैसे का, हा त्यांचा साधा सवाल होता. ‘मिळून साऱ्याजणी’ या मराठी मासिकाने हाच विषय उच्च न्यायालयात नेला आणि २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महानगरपालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित प्रसाधनगृहे उभारण्याविषयी आदेश दिले. ‘स्त्रिया’ ही पाटी स्त्रियांनी झगडून मिळवलेली आहे, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. त्या पाटीमागे एक आसरा आहे.

पण वेगळेपणाचा दुसराही इतिहास आहे, आणि तो या मातीत अधिक खोल रुतलेला आहे. एके काळी आपल्या रेल्वेस्थानकांवर ‘हिंदू पाणी’ व ‘मुसलमान पाणी’ असे वेगळे पुकारले जाई. गावोगाव अस्पृश्यांची विहीर निराळी होती आणि पुष्कळ ठिकाणी मुळी नव्हतीच. १९२३ साली सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदे मंडळाने सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने सर्वांना खुले करण्यास संमती दिली. तरीही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला आणि न्यायालयाचा अंतिम निर्णय यायला १९३७ साल उजाडले. विदर्भाचे संत गाडगेबाबा यांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली, कारण विठ्ठलाच्या दर्शनाला आलेल्या अस्पृश्य वारकऱ्याला रात्री पाठ टेकायला जागा नव्हती. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात लाखोंच्या साक्षीने बाबासाहेबांनी बौद्ध धम्म स्वीकारला. वेगळी विहीर ही सोय नसून शिक्षा आहे, हे नागपूरकरांना कोणी शिकवायला नको.

तेव्हा वेगळे दार चांगले की वाईट, असा प्रश्न विचारून भागत नाही. ते दार कोणी मागितले, हे आधी पाहावे लागते. ज्याला आत जायचे आहे त्याने मागितलेले वेगळे दार हा आसरा असतो. ज्यांना तो जवळ नको आहे त्यांनी नेमून दिलेले वेगळे दार ही हद्दपारी असते. दोन्ही दारे बाहेरून सारखीच दिसतात, म्हणूनच आपली फसगत होते.

तृतीयपंथी समाजाच्या वाट्याला बहुधा दुसऱ्या प्रकारचेच दार आले. मराठेशाहीत त्यांची स्थिती सन्मानाची होती असे नव्हे. परंतु भिक्षेचा त्यांचा हक्क दरबार मान्य करी, आणि त्याची सनद व थोडे वर्षासनही काहींकडे असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रज अंमलदारांनी हे हक्क मोडीत काढले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक संपूर्ण भाग त्यांच्यासाठी लिहिला गेला. उत्तर हिंदुस्थानात लागू झालेल्या या भागानुसार संशयितांची नावे नोंदवहीत घातली जात. अशा माणसाने स्त्रीवेषात रस्त्यावर दिसणे किंवा नाचणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा ठरला. त्याला अज्ञान मुलाचे पालक होता येत नसे, मृत्युपत्रही करता येत नसे. कायदा गेला, पण त्याने लावलेली नजर गेली नाही. चौकात टाळी वाजवणाऱ्या माणसाकडे आपण ज्या नजरेने पाहतो, तिच्यात त्या नोंदवहीची शाई अजून ओली आहे.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ खटल्यात निकाल देऊन या समाजाला तृतीय लिंग म्हणून मान्यता दिली आणि सरकारांना त्यांच्यासाठी स्वतंत्र सार्वजनिक शौचालयांची सोय करण्यास सांगितले. तीनच वर्षांनी, २०१७ मध्ये, केंद्राच्या ग्रामीण स्वच्छता अभियानाने निराळा मार्ग सुचवला : तृतीयपंथी व्यक्तीला सामूहिक शौचालयात आपल्या पसंतीच्या बाजूस जाऊ द्यावे. त्याच वर्षी शेजारच्या भोपाळमध्ये मात्र स्वतंत्र प्रसाधनगृह उघडले गेले. २०१९ साली संसदेने कायदा केला, आणि २०२० च्या नियमांनी आस्थापनांतील प्रसाधनगृहे व रुग्णालयांतील स्वतंत्र कक्ष यांसारख्या सोयींसाठी दोन वर्षांची मुदत घातली. स्वतंत्र दार की पसंतीचे दार, याबाबत शासनाचेच मन असे दुभंगलेले दिसते. तृतीयपंथी समाजातही दोन मते आहेत. काहींना स्वतंत्र दारामागे निर्धास्त वाटते. काहींच्या मते त्या दाराने आत जाणे म्हणजे साऱ्या बाजारादेखत कपाळावर शिक्का मारून घेणे होय.

नागपूरनेही या काळात दोन परस्परविरोधी प्रसंग पाहिले. फेब्रुवारी २०१८ मध्ये येथील लोकअदालतीच्या पॅनेलवर विद्या कांबळे या तृतीयपंथी कार्यकर्तीची नेमणूक झाली आणि लोकांच्या तंट्यांत निवाडा करण्यासाठी त्या न्यायासनावर बसल्या. पाच वर्षांनी, २०२३ च्या आरंभी, जबरदस्तीने पैसे मागण्याच्या तक्रारींवरून शहर पोलिसांनी कलम १४४ खाली तृतीयपंथीयांच्या रस्त्यावर व चौकांत जमण्यावर बंदी घातली. तक्रारी खोट्या होत्या असे आम्ही म्हणत नाही. लग्नघरी वा बारशाला अडवणूक झालेली कुटुंबे आपल्या धर्मग्रामांतही असतील. परंतु एखाद्याच्या अपराधासाठी सबंध समाजाला रस्ता बंद करणे ही १८७१ चीच रीत नव्हे काय? आणि ज्याला काम मिळत नाही, मिळाले तरी कामाच्या जागी प्रसाधनगृह मिळत नाही, त्याने चौकाखेरीज जावे तरी कोठे?

आता एका आक्षेपाकडे वळू. स्त्रियांच्या प्रसाधनगृहात पुरुषी देहाची व्यक्ती आली तर आमच्या मुलीबाळींच्या सुरक्षिततेचे काय, असे माताभगिनी विचारतात. या भीतीला हसणे अन्यायाचे होईल. ज्या देशात मुलीला संध्याकाळी एकटी पाठवताना आईचा जीव टांगणीला लागतो, तेथे ही भीती अनुभवातून आलेली आहे. पाश्चात्त्य देशांत या प्रश्नावरून मोठी रणे माजली. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याने २०१६ साली जन्मदाखल्यातील लिंगानुसारच सरकारी इमारतींतील प्रसाधनगृह वापरण्याचा कायदा केला आणि वर्षभरातच, २०१७ मध्ये, तो मागे घेतला. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने समतेच्या कायद्यातील ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ जैविक स्त्री असा लावला. वाद तेथेही मिटलेला नाही. आम्हांला एवढेच दिसते की, स्त्रीची भीती आणि तृतीयपंथीयाची भीती या दोहोंचे मूळ एकच आहे. दोघींनाही त्याच उर्मट पुरुषाचे भय वाटते. मोडकी कडी, फुटका दिवा आणि अर्धवट भिंत दोघींनाही सारखीच घातक आहे.

आपली ख्रिस्तसभा याविषयी काय शिकवते? देवाने मनुष्य नर व नारी असा निर्मिला, ही श्रद्धा ती सोडत नाही. एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डिग्निटास इन्फिनिटा’ या घोषणापत्राने लिंगभेद पुसू पाहणाऱ्या विचारसरणीला आणि लिंगबदलाला स्पष्ट नकार दिला. मात्र त्याच पत्राचा पाया असा आहे की, प्रत्येक मनुष्याची प्रतिष्ठा अमर्याद असून ती कोणत्याही परिस्थितीत नष्ट होत नाही. त्याआधी काही महिने, नोव्हेंबर २०२३ मध्ये, व्हॅटिकनने कळवले होते की, श्रद्धावंतांत गोंधळ वा अपप्रवाद निर्माण होत नसेल तर अशा व्यक्तीला इतरांप्रमाणेच बाप्तिस्मा घेता येतो. त्याच महिन्यात गरिबांच्या जागतिक दिनी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी गोरगरिबांना भोजन दिले, तेव्हा पाहुण्यांत रोमजवळील तोर्व्हायानिका गावच्या तृतीयपंथी स्त्रियाही होत्या. आपल्याच देशात २०१७ मध्ये कोची मेट्रोने वीसहून अधिक तृतीयपंथीयांना नोकरी दिली आणि त्यांतील काहींना भाड्याने घर मिळेना, तेव्हा कार्मेल माता संघाच्या धर्मभगिनींनी त्यांना निवारा दिला. त्या भगिनींनी सिद्धान्त बदलला नाही. त्यांनी दार उघडले.

अनुवाद ग्रंथातील त्या बंद दाराचे पुढे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. यशया संदेष्ट्याच्या छप्पन्नाव्या अध्यायात परमेश्वर विश्वासू षंढांना आपल्या मंदिरात पुत्र व कन्यांहून श्रेष्ठ असे नाव देण्याचे वचन देतो. प्रेषितांच्या कृत्यांत फिलीप गाझाच्या वाटेवर इथिओपियाच्या षंढाच्या रथात त्याच्याशेजारी बसतो. पाणी दिसताच तो परदेशी माणूस विचारतो की, माझ्या बाप्तिस्म्याला आता कोणती हरकत आहे. फिलीपने हरकत काढली नाही. दोघेही पाण्यात उतरले. तो षंढ म्हणजे आजचा तृतीयपंथी असे सरळ समीकरण आम्ही मांडत नाही. पण ज्याला शास्त्राने बाहेर ठेवले होते, तो देवाच्या घरात सर्वांआधी आलेल्यांपैकी एक ठरला, हे नाकारता येणार नाही.

म्हणून आपल्या धर्मग्रामांपुढे आम्ही एक लहानशी सूचना ठेवतो. सणावाराला, लग्नाला, नोव्हेनाला आपल्या सभागृहांत शेकडो माणसे जमतात. तेथील दोन प्रसाधनगृहांच्या शेजारी एक तिसरी खोली असावी : पूर्ण भिंतींची, आतून कडी लागणारी, पाणी व उजेड असलेली, आणि बाहेर कोणतीही पाटी नसलेली. हात धरून न्याव्या लागणाऱ्या आजोबांना ती उपयोगी पडेल, चाकाच्या खुर्चीतील बहिणीला पडेल, तान्ह्या बाळाच्या आईला पडेल. आणि एखाद्या रविवारी मागच्या बाकावर संकोचून बसलेल्या त्या पाहुण्यालाही पडेल, ज्याला आजवर प्रत्येक पाटीने परत पाठवले. ती खोली कोणासाठी बांधली, असे कोणी विचारलेच, तर ज्याला गरज असेल त्याच्यासाठी, एवढेच उत्तर पुरेसे आहे. परमेश्वर छावणीतून फिरत असतो, असे मोशेने म्हटले होते. तो आपल्या आवारात आला, तर त्याला तेथे कोणीही दाराबाहेर ताटकळत उभे दिसू नये.