ख्रिस्ती कादंबरी, मराठी

ख्रिस्ती धर्मविचाराच्या प्रसारार्थ लिहिलेली कथात्म गद्यरचना. मराठीत तिची पूर्वतयारी हरि केशवजींच्या यात्रिकक्रमण (१८४१) या जॉन बन्यनच्या रूपककथेच्या अनुवादाने झाली. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांची यमुनापर्यटन (१८५७) ही सामान्यतः पहिली मराठी कादंबरी मानली जाते. १८५६ मध्ये विधवापुनर्विवाहाचा कायदा संमत झाला. त्याच सुमाराच्या हिंदू विधवांच्या हालअपेष्टांचे तीत वास्तव चित्रण आहे. विधवा झालेली नायिका यमुना अखेरीस ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. या शेवटामुळे कादंबरीस प्रचारग्रंथ ठरवून वेगळ्या प्रकारात घालावे काय, हा प्रश्न उद्‌भवतो. वेगळ्या वर्गीकरणाने लेखकाचा हेतू व अपेक्षित वाचकवर्ग स्पष्ट होतो, हे खरे. तथापि हेतू हाच निकष मानल्यास हरि नारायण आपटे यांची पण लक्षात कोण घेतो? (१८९३) ही सुधारणावादी कादंबरीही मुख्य प्रवाहाबाहेर ठेवावी लागेल. तिचाही विषय वैधव्याचे दुःख असून नायिकेचे नावही यमुनाच आहे. त्यामुळे ‘ख्रिस्ती’ हे विशेषण आशयाचे निदर्शक मानणे युक्त. स्वतंत्र वाङ्‌मयप्रकार मानल्यास मराठी कादंबरीचा आरंभच तिच्या इतिहासाबाहेर जातो.