पौरुषग्रंथीचा कर्करोग व एक फसवें नांव

रोगाला नांव दिलें कीं त्याचें अर्धें ज्ञान झालें, असा समज जुना आहे. पण नांवच फसवें असेल तर तें ज्ञानाची वाट अडवून धरतें. पुरुषांच्या मूत्राशयाखालीं असणाऱ्या प्रॉस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचा इतिहास याची साक्ष देतो.

१९४१ सालीं शिकागो विद्यापीठांतील शस्त्रवैद्य चार्ल्स हगिन्स व त्यांचे सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांनीं असें दाखविलें कीं, रोग्याचे वृषण काढले अथवा त्यास स्त्री-संप्रेरक दिलें, तर दूरवर पसरलेला रोगहि ओसरूं लागतो. याबद्दल १९६६ मध्यें हगिन्स यांस नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

परंतु कांहीं काळानें रोग बहुधा उलटे, आणि तोहि रक्तांत पौरुष-संप्रेरक जवळजवळ नसतांना! तेव्हां पेशी त्यावांचून जगावयास शिकल्या असें मानून अशा रोगास ‘संप्रेरक-निरपेक्ष’ म्हणूं लागले. हा शिक्का बसलेल्या रोग्याला त्या बाजूनें देण्यासारखें फारसें उरत नसे.

खरा प्रकार निराळा होता. संप्रेरक पेशींतील एका ग्राहक-प्रथिनास जाऊन मिळतें. तें प्रथिन मग जनुकांच्या नेमक्या जागीं बसून त्यांना कामाला लावतें. या प्रथिनाचें जनुक १९८८ मध्यें हातीं आलें. १९९५ मध्यें फिनलंडमधील संशोधकांस उलटलेल्या रोगाच्या सुमारें ३० टक्के अर्बुदांत त्याच जनुकाच्या प्रती वाढलेल्या आढळल्या. त्याच रोग्यांच्या उपचारापूर्वीच्या अर्बुदांत ही वाढ नव्हती. २००४ मध्यें अमेरिकेंतील चार्ल्स सॉयर्स यांच्या गटानें दाखविलें कीं, हें प्रथिन वाढलें म्हणजे संप्रेरकाचा लेशहि पेशीस पुरतो. इतकेंच नव्हे, तर प्रथिनास अडविण्याकरितां दिलेलें औषधच त्याला चेतवूं लागतें. चाकर धन्याला सोडून गेला नव्हता. धन्याची कुजबुजहि ऐकूं यावी इतके त्याचे कान तीक्ष्ण झाले होते.

त्यानुसार उपायहि बदलले. शरीरांत अन्यत्र होणारी पौरुष-संप्रेरकाची निर्मिति थांबविणारें अबिराटेरोन २०११ मध्यें, व ग्राहक-प्रथिनासच जखडणारें एन्झालुटामाइड २०१२ मध्यें अमेरिकेंत मान्य झालें. दोहोंनीं रोग्यांचें आयुष्य कांहीं महिन्यांनीं वाढविलें. रोग यांनाहि पुढें चुकवितो. कधीं तर संप्रेरक बसण्याची जागाच नसलेलें तोकडें ग्राहक-प्रथिन तयार करून. तरी ‘निरपेक्ष’ हा शब्द मागें पडून ‘वृषणच्छेदास न जुमानणारा’ असें नांव रूढ झालें, हें इष्टच होय. पहिलें नांव रोगाचा स्वभाव ठरवून मोकळें होत होतें. दुसरें केवळ आपल्या एका उपायाची मर्यादा सांगतें, व पुढील उपायाला जागा ठेवतें.